जांभळा ठिपका

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही रचलेली गोष्ट नाही.

ज्या टेबलावर हे घडलं, त्या टेबलावर बसून मी शाळेचा गृहपाठ केलाय. ज्या दोघींच्या बाबतीत घडलं, त्या माझ्या सख्ख्या आत्या. मोठी आत्या आणि बेबी आत्या. एखादीने तिखटमीठ लावून सांगितलं असेल असं मीही आधी धरून चाललो होतो. पण दोघींनी मला वेगवेगळं बसवून जे सांगितलं, ते शब्दाला शब्द जुळलं. आणि ठरवून सांगायला त्या दोघी आता एकमेकींशी बोलतच नाहीत.

थंडीचे दिवस. शनिवारची संध्याकाळ. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

मोठी आत्या तिच्या दुकानात एकटी होती.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली. पुढे काचेचा काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे तिचं टेबल. मोबाइल दुरुस्तीचं काम ती करायची आणि गिऱ्हाइकं, पार्ट आणणं, बोलणं-चालणं हे सगळं काका बघायचे. काका म्हणजे तिचे यजमान. ते बोलघेवडे, ती अबोल. काका म्हणायचे, "ही मेलेल्या फोनमध्ये जीव ओतते आणि मी गिऱ्हाइकाच्या डोक्यात हवा भरतो." बाजारात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत.

काकांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरातली पाहुण्यांची गर्दी नुकती ओसरली होती.

गेले ते अगदी अचानक. पार्ट आणायला म्हणून बाहेर पडले आणि बसस्टॉपच्या बाकड्यावर बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. शेजारी बसलेल्या पेपरवाल्याने पाहिलं. तोच नंतर घरी येऊन सांगून गेला, "फोनवर बोलत होते हो. हसत होते. आलोच, निघालो बघ, असं म्हणाले आणि मान टाकली."

हे ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारणी आत्याला म्हणाल्या, "भाग्यवान आहेस. शेवटचा शब्द तुझ्याशी बोलून गेले."

आत्या उठून आत गेली.

कारण त्या संध्याकाळी तिचा फोन वाजलाच नव्हता...

मग 'आलोच' कुणाला म्हणाले?

एवढंच तिला हवं होतं. बाकी काही नाही. आणि ते होतं काकांच्या फोनमध्ये. हॉस्पिटलने कपड्यांबरोबर पिशवीत घालून दिलेला तो फोन बंद पडला होता आणि काही केल्या चार्ज होत नव्हता.

आता डॉक्टरीणबाईला चार्जिंगचा प्रॉब्लेम म्हणजे डाव्या हातचा मळ. तिची एक रीत होती आणि ती तिने बेबी आत्यालाही शिकवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदल, बघ. चार्जर बदल, बघ. जे निर्दोष ठरलं ते बाजूला काढ. असं करत करत शेवटी जे उरेल, तोच फॉल्ट. घाई नाही, अंदाज नाही.

बेबी आत्या तिची पाठची बहीण. दोघींच्या वयात बरंच अंतर. आजी लवकर गेली, तेव्हा बेबीची वेणी घालण्यापासून नोकरी सुटल्यावर तिला हाताला धरून हे काम शिकवण्यापर्यंत सगळं मोठीनेच केलं. शिकून झाल्यावर बेबीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आपलं दुकान टाकलं. एकटीच राहायची. आठवड्यातून एकदा तरी ताईकडे यायची, टेबलापाशी बसून तासन् तास गप्पा मारायची. मधेच तिचा फोन वाजायचा. स्क्रीनवर नाव यायचं, 'पार्टवाला'. ती कट करून म्हणायची, "नंतर करते याला."

मोठी हसायची. "किती पार्ट लागतात गं तुला? माझं दुकान मोठं की तुझं?"

असो. त्या शनिवारी आत्याने आधी सिमचा ट्रे बाहेर काढला आणि सिम चिकटपट्टीने टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं. हाही तिचा नियम. फोन उघडायचा तर सिम आधी बाहेर.

हे सिमचं लक्षात ठेवा.

मग केबल बदलली. काही नाही.

चार्जर बदलला. काही नाही.

चार्जिंगच्या भोकात टाचणी घालून साफ केलं. खिशातल्या कापसाचा छोटासा गोळा निघाला. काकांच्या निळ्या शर्टाचा. तो तिने टाकला नाही, भिंगाच्या दिव्याखाली ठेवला. पुन्हा केबल लावली. चार्जिंग दाखवणाऱ्या मीटरवर शून्य.

मग तिने फोन पालथा घातला आणि मागचं झाकण उघडलं...

आणि हात तसेच राहिले.

तिने उघडलेल्या प्रत्येक फोनच्या एका स्क्रूवर ती लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. दुसऱ्या कुणी फोन उघडला तर ठिपका तुटतो, मग गिऱ्हाईक 'तुम्हीच बिघडवला' म्हणून भांडायला आलं तरी तिला कळतं. काकांच्या फोनची बॅटरी तिने स्वतः बदलली होती. लाल ठिपका तिने स्वतः दिला होता.

तो ठिपका नव्हता.

त्या जागी जांभळा ठिपका होता.

ही खूण तिने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. आणि त्या माणसाने हसून म्हटलं होतं, "ताई, लाल तुझा. मी जांभळा घेते, म्हणजे आपली सरमिसळ नको."

आत्याने दिवा जवळ ओढला. नीट पाहिलं. जांभळाच. तिला आधी हसूच आलं म्हणे. सुगरणीच्या नवऱ्याने गुपचूप खानावळीत जेवावं, तसं झालं हे. घरात डॉक्टरीणबाई असताना यांना फोन उघडायला दुसरीकडे का जावं लागलं?

तिने बेबीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण हात कामात होते. बोलता बोलता तिने काकांच्या फोनमधली बॅटरी काढली आणि मोकळ्या बोर्डाला पॉवर सप्लायच्या दोन तारा लावल्या. पॉवर सप्लाय म्हणजे टेबलावरचा एक जुना डबा. त्यावर काटा असतो. फोन किती करंट ओढतोय ते तो काटा दाखवतो. बंद फोन काही ओढत नाही. काटा शून्यावर पडून राहतो.

"बेबी, यांनी कधी फोन आणला होता का गं तुझ्याकडे?"

काटा शून्यावर.

"कुणी? भाऊजींनी?" बेबीचा आवाज आला.

काटा हलला...

"छे गं ताई. तू असताना भाऊजी माझ्याकडे कशाला येतील? माझं दुकान कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा त्यांना धड माहीत नसेल."

ती बोलत होती तोवर काटा वर वर चढत गेला. ती थांबली आणि काटा सावकाश खाली आला.

"बरं," आत्या म्हणाली. काटा तटकन शून्यावर पडला.

आत्याला वाटलं, तार सैल असेल. तिने तारा पुन्हा दाबून लावल्या.

"ताई? का विचारलंस?"

काटा वर.

"काही नाही. सहज."

शून्य.

आत्याने फोन ठेवून दिला. खरं तर तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरीबद्दल मनात वाईट आणायचं तर मनच तयार होत नाही. तिने नवी बॅटरी घातली. चार्जिंगची पट्टी बदलली. चार्जर लावला, मधे मीटर लावलं.

शून्य.

खुर्चीवरून उठून ती पाणी प्यायला काउंटरपाशी गेली. मागे बारीक आवाज झाला.

घुर्रर्र...

टेबलावर फोन थरथरल्यासारखा.

तिने वळून पाहिलं. मीटरचे आकडे चढत होते. फोन चार्ज होत होता!

ती धावत टेबलाशी आली.

शून्य.

ती दोन पावलं मागे सरली. आकडे चढायला लागले. पुढे आली, शून्य. पुन्हा मागे, पुन्हा आकडे.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. पण बाई कामाची पक्की. तिने शेजारच्या चष्मेवाल्यांना हाक मारली.

"भाऊ, जरा इथे खुर्चीवर बसता का? काही करू नका. नुसतं बसा आणि आकडे वाचून दाखवा."

चष्मेवाले बसले. आत्या दुकानाबाहेर पायरीवर उभी राहिली.

"होतोय की चार्ज," ते आतून म्हणाले. "छान होतोय. झालं ना तुमचं काम?"

आत्या पडद्यापाशी आली.

"अरे, बंद झाला," चष्मेवाले म्हणाले. आणि मग मीटरजवळ वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी... हे श्वास घेतल्यासारखं काय चाललंय आत?"

आत्याने कान दिला. फोनमधून खरंच आवाज येत होता. दीर्घ, संथ. आत... बाहेर... आत... मग मधेच थांबायचा आणि बराच वेळ काही नाही... आणि एकदम सुटल्यासारखा बाहेर.

झोपेत काकांचा श्वास असाच अडकायचा. लग्न झाल्यापासून ती रोज रात्री त्या थांबलेल्या श्वासाकडे कान लावून जागी राहायची. सुटला की मग तिला झोप लागायची.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि "येतो हां वहिनी" म्हणून जे गेले, ते नंतर कित्येक दिवस तिच्या दुकानाकडे फिरकले नाहीत.

आत्या खुर्चीत बसली. ती बसताच आवाज थांबला.

केबल ठीक होती. चार्जर ठीक. बॅटरी नवी, पट्टी नवी, बोर्ड ठीक. दुसरं माणूस बसलं तरी चालत होतं. एकेक करून तिने सगळं बाजूला काढलं होतं.

शेवटी उरली होती ती स्वतः.

आत्या मला म्हणाली, "भीती नाही रे वाटली. फार लागलं. जिवंतपणी या माणसाने कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. आणि मेल्यावर मी जवळ आले की श्वास धरून बसतोय. चोर बसतो ना लपून, तसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोन घेऊन बेबीकडे गेली. तिथून पुढचं मी दोघींकडून ऐकलंय.

रविवार, त्यामुळे गल्ली शांत. बेबी आत्या पुढच्या खोलीत एकटीच जेवत होती. ताईला दारात पाहून ती उठली, हात धुतले, खुर्ची पुढे केली. "अगं, फोन तरी करायचास!"

मोठी बसली नाही. तिने पिशवीतून काकांचा फोन काढून काउंटरवर ठेवला. बंद. काळा. त्याला कुठलीही केबल लावलेली नव्हती.

"माझ्याकडे चार्ज होत नाहीये," ती म्हणाली. "तू बघ."

बेबी फोनकडे बघतच राहिली. हात पुढे करेना.

"ताई, तुला जमलं नाही ते मला काय जमणार?"

"बघ तर. हात लावायला काय हरकत आहे?"

बेबीने हात लावला.

फोन थरथरला...

स्क्रीन उजळली. वरच्या कोपऱ्यात बॅटरी दिसली. भरलेली. काठोकाठ. शंभर टक्के.

बेबीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मोठी मात्र स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हती. ती बेबीच्या मागे बघत होती. आतल्या दाराशी खुंटीवर एक मफलर लटकत होता. तपकिरी, एका टोकाला चुकलेले टाके. तो तिनेच विणला होता. बसमध्ये विसरला, असं काका म्हणाले होते.

"बेबी..."

तेवढ्यात फोन वाजला.

काकांचा नाही. बेबीचा.

काउंटरवर, काकांच्या फोनच्या शेजारीच तो पडलेला होता. स्क्रीन वर होती. दोघींनी एकदमच वाचलं.

पार्टवाला.

मोठीने काकांच्या फोनकडे पाहिलं. आत सिम नव्हतं. सिम तिकडे तिच्या दुकानात, टेबलाच्या कडेला चिकटपट्टीखाली होतं. पण काकांच्या स्क्रीनवर कॉल लागत होता. वर बेबीचा नंबर. नाव नाही, नुसता नंबर.

तो नंबर मोठीला पाठ होता. तिनेच बेबीला ते सिम घेऊन दिलं होतं.

रिंग वाजत राहिली...

"ताई, मी सांगणार होते. शपथ सांगते. कितीदा तुझ्या दारापर्यंत येऊन..."

"दारापर्यंत कशाला? आत यायचीस की तू. माझ्या टेबलाशी बसायचीस. माझ्याच समोर कट करायचीस याला."

"ताई, उचलू नकोस. तुझ्या पाया पडते. उचलू नकोस गं. रोज येतो हा फोन. ते गेल्यापासून रोज. मी उचलत नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. एकाला आयुष्य दिलं, दुसरीला हातातली कला दिली. दोघांनी मिळून तिच्या पैशा-अडक्याला नव्हे, तिच्या भोळेपणाला हात घातला. मला राग येतो, म्हणून इथे बोललो.

मोठीने बेबीचा फोन उचलला. कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग तो श्वास. दीर्घ, संथ. आणि मग आवाज... हसरा, तरुण, हलका. असा आवाज तिने तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकला होता, नंतर नाही.

"आलोच. निघालो बघ."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या क्षणी ती सगळं विसरली, असं ती सांगते. मफलर विसरली, ठिपका विसरली. आपला माणूस बोलतोय, एवढंच.

ती म्हणाली, "अहो... मी आहे."

श्वास थांबला.

ती वाट बघत राहिली. रोज रात्री बघायची, तशी. आता सुटेल... आता सुटेल...

टक्.

फोन ठेवला गेला.

काउंटरवर काकांच्या फोनची स्क्रीन काळी झाली. मोठीने बटण दाबलं. एकच चिन्ह आलं, रिकाम्या बॅटरीचं. शून्य.

तिने बेबीचा फोन जागेवर ठेवला. पदराने डोळे पुसले.

"हा इथेच राहू दे," काकांच्या फोनकडे बोट दाखवून ती म्हणाली. "याला तुझ्याकडेच चार्जिंग मिळतं."

आणि निघून आली. त्यानंतर त्या घराची पायरी ती चढलेली नाही.

एवढंच. पुढे काय झालं, का झालं, मला माहीत नाही. सिमशिवाय कॉल कसा लागला हे चार जाणकारांना विचारलं, चौघांनी खांदे उडवले. बेबी आत्याने नंतर घर बदललं. नंबरही बदलला. फोन कचऱ्यात टाकायला दोनदा बाहेर पडली आणि दोन्ही वेळा परत घेऊन आली, का ते तिला सांगता येत नाही. मी तो तिच्या कपाटात पाहिलाय. मागचं झाकण काढून बघितलं, तर जांभळा ठिपका अजून दिसतो. वर्षानुवर्षं त्याला केबल लावलेली नाही.

शंभर टक्के.

मी तिथे असतानाच दिवेलागणीला तिचा नवा फोन वाजला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रीन उलटी केली. मी नाव विचारलं नाही. पण जिन्यावर पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली, तेव्हा मी मागच्या दाराने निघालो, हे कबूल करतो.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या आत्याकडे गेलो. अंधार पडत होता. ती दुकानात दिवा न लावता बसली होती. समोर टेबलावर तिचा फोन. स्क्रीन वर, आवाज पूर्ण मोठा.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "माझा फोन जरा बघ रे. वाजत नाही कधी. काही बिघडलंय का?"

मी बघितलं. रेंज होती. आवाज होता. बॅटरी फुल होती. माझ्या फोनवरून लावून बघितला, लगेच वाजला. ती दचकली, आणि मग माझं नाव बघून तिने तो खाली ठेवला.

"काहीच बिघडलेलं नाही, आत्या."

"हो ना?" ती म्हणाली. "मीही सगळं तपासलंय."

आणि तिने पुन्हा चार्जर लावला.